दोन डाव्या बाजू

सहा महिने आमच्या घरात दोन सुतार होते आणि त्यांच्यामध्ये मी. मोठा माझा नवरा, धाकटे माझे दीर, म्हणजे भाऊजी. घर एक, कारखाना एक, पण अबोला असा की समोरचा रंधा हवा असला तरी हे मला हाक मारणार.

कारण काय, तर एका कपाटाची दारं. भाऊजींनी बसवलेली दारं ह्यांनी गिऱ्हाइकासमोर उतरवली आणि पुन्हा तासून बसवली. ते भाऊजींच्या जिव्हारी लागलं.

तेव्हापासून निरोप मीच पोचवत होते, आणि फुकटचा अभिमान सांगते, छान पोचवत होते. "त्या मठ्ठाला सांग, बिजागरी उलटी बसवलीय," असं हे म्हणाले की मी जाऊन सांगायची, "भाऊजी, ती बिजागरी एकदा बघता का?" रोज भांडी घासताना प्रार्थनाही करायची, "प्रभू, दोघांना एक कर." आणि ते कसं करायचं, सुरुवात कोणापासून, हेही त्याला समजावून सांगायची.

मग एक दिवस भाऊजी म्हणाले, "वहिनी, चर्चचा बाक झाला की मी निघतो. वेगळं दुकान, वेगळं घर."

मी तशीच उठून पाळकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही देवाला काम देता आणि हत्यारं मात्र हातातून सोडत नाही. आठवडाभर निरोप बंद करा. विश्वास ठेवायचा म्हणजे कधीतरी गप्पही बसायचं."

मला रागच आला. खुर्चीत बसून बोलायला पाळकांचं काय जातंय! पण दुसरा उपाय नव्हता. आठवडाभर मी तोंड मिटून बसले. जबडा दुखला माझा.

आमच्या कारखान्यात एक रीत आहे. बाक करायला घेतला की एक बाजू एका भावाची, दुसरी दुसऱ्याची, आणि कोणाची कुठली ते सकाळीच बोलून ठरायचं. डाव्या बाजूची वेल उलट्या हाताने कोरावी लागते, त्यामुळे ती नेहमीच जड जाते. या वेळी बोलणं नाही, निरोपही नाही. दोघांनी आपापल्या कोपऱ्यात, एकमेकांकडे पाठ करून काम केलं.

शनिवारी सकाळी बाक जुळवायला घेतला. दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या केल्या, तर दोन्ही डाव्या. रविवारच्या उपासनेला बाक हवा होता. प्रभू, हे काय केलंस, असं मी मनात म्हणाले. अगदी चिडून.

ह्यांना राहवलं नाही. "डावी कशाला केलीस?"

"तुझा खांदा दुखतो म्हणून!" भाऊजी ओरडले. "तू का केलीस?"

"तुझ्या बोटाला टाके पडलेत म्हणून, गाढवा!"

सहा महिन्यांनी दोघं एकमेकांशी बोलत होते. मला हसूही येत होतं आणि रडूही. मग भाऊजींचा आवाज एकदम खाली आला. "एवढी काळजी होती, तर एकदा चुकलो म्हणायला काय झालं होतं, दादा?"

"म्हणालो की! दुसऱ्याच महिन्यात. हिच्याकडून निरोप पाठवला होता."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

निरोप होता. "त्याला सांग, दारं ठीक होती, माझंच चुकलं." शब्द न् शब्द मला आठवत होता. मी जाऊन सांगितलं होतं, "हे म्हणतात, काम छान चाललंय तुमचं." माझ्या नवऱ्याने धाकट्यापुढे वाकावं, हे मला सोसलं नव्हतं. आणि तरी रोज देवाला सांगत होते, भाऊजींचं मन वितळव म्हणून.

"मी सांगितलंच नाही," मी म्हणाले. "माझा ताठा आडवा आला. मला क्षमा करा."

आणि मग जे सुरू झालं! "वहिनी, चार महिने?" "अगं, तुला काही वाटलं कसं नाही?" एक श्वास घ्यायला थांबला की दुसरा सुरू. दोघं खांद्याला खांदा लावून उभे, बोटं माझ्याकडे. बोलता बोलता भाऊजींनीच नवी फळी ओढली आणि ह्यांनी न सांगता तिचं दुसरं टोक धरलं.

"उजव्या दोनच करू," भाऊजी म्हणाले. "बाकही दोन होतील. दुकानाचं मग बघू, दादा. नाहीतर राहू दे ते."

मी भुशात बसून डोळे पुसत होते, आणि मला अजून बोलणी बसतच होती. दोघांना एक कर, एवढंच मी मागितलं होतं. कोणाविरुद्ध, ते देवाने ठरवलं.