आकडा खाली ठेव, उखर्डूभाऊ!

मी एक जुना आकडा आहे, मित्रांनो. पाढ्यातला नव्हे बरं! लाकडी मुठीचा, वाकड्या टोकाचा, हमालाचा लोखंडी आकडा. पोत्यात टोक रुतवायचं आणि खस्सकन ओढायचं, हे माझं काम. नशिराबादच्या लोहाराने मला घडवलं. उखर्डू हमालाने मला धरणगावच्या जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, नेलं.

मला भारी घमेंड होती. सरकीचं पोतं कितीही जड असो, माझ्यापुढे त्याचं काही चालत नसे. जिनचे मालक मदनलालशेठ रोज ओरडत, "चार नग इकडे पाठवा रे!" नग म्हणजे पोतीही आणि हमालही. मला वाटे, खरंच की! पाठीवरचं पोतं काय नि खालचा हमाल काय, दोन्ही नगच.

सत्त्याऐंशी सालच्या थंडीतली दुपार. अंगणात कापसाची उंच गंजी लागली होती. उखर्डूचा जोडीदार वना जेवणाआधी तिच्या आडोशाला, उबेला लवंडला. कुणी पाहिलं नाही. वरून गाडीभर कापूस पडला आणि गंजीची ती बाजू धाडकन ढासळली.

थोड्या वेळाने वनाची बायको भागाबाई भाकरी घेऊन आली. "उखर्डूभाऊ, आमना घरना कोठे गयात?" एवढ्यात तिला गंजीखालून डोकावणारी चप्पल दिसली. नवऱ्याचं नाव कधी तोंडातून न काढणारी ती बाई किंचाळली, "वना! वना रे!"

उखर्डू धावला. मी त्याच्या मुठीतच होतो. त्याने मला उगारलं. मीही आसुसलो होतो, म्हटलं, एका ओढीत अर्धी गंजी उपसून दाखवतो! तोच भागाबाईने त्याचं मनगट धरलं.

"आकडा खाल ठेव, भाऊ! माणूस शे आत, पोतं नही!"

उखर्डूने मला लांब भिरकावलं. मी धुळीत पडलो. असा अपमान माझा कधी झाला नव्हता, खूप लागलं मनाला. पण पुढचं पाहिलं आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला.

"बठ्ठा या रे! हात लावा!" उखर्डूने सगळ्यांना हाक मारली. हमाल नुसत्या हातांनी उपसू लागले. पण पांढराशुभ्र कापूस शेणामातीत फेकायचा कसा? सगळे क्षणभर, ओरडा ऐकून धावत आलेल्या शेठकडे बघत थबकले. आत वनाचा श्वास कोंडत होता आणि हे थांबलेले! माझा जीव नुसता तडफडत होता.

शेठ टोपी फेकून गंजीत घुसले. "जाऊ द्या कापूस मातीत! वनाला काढा! अरे, माझ्या वनाला काढा!"

हात दिसला. मग खांदा. वनाचा चेहरा निळा पडला होता. भागाबाईने बोट घालून त्याच्या तोंडातला कापूस काढला, पाठीवर थापा मारल्या. काहीच नाही. पुन्हा मारल्या. आणि वना खोकला! उखर्डू तिथेच मटकन बसला आणि पोरासारखा रडला.

त्यानंतर शेठ हमालांना नावाने हाक मारू लागले. उखर्डू कुणाशी बोलायचं झालं, तर आधी मला खाली ठेवी. आता तो थकला आहे आणि मी त्याच्या घरी खिळ्याला टांगलेला गंजतोय. मित्रांनो, मला तेल द्या, पोत्यांना खुशाल लावा. पण समोर माणूस असेल, तर मला आधी खाली ठेवा.