यादीतलं नाव

“पोरगी घरीच हाये, मास्तर. आता तरी नाव राहू दे तिचं,” असं म्हणत भागिरथाबाईनं धम्मदीपाला दंडाला धरून दाराशी आणलं.

आसेगावच्या शाळेतले गणेश मास्तर मतदारयादी तपासत घरोघर फिरत होते. धम्मदीपाचं नाव आलं की म्हातारीचं उत्तर गेली आठ वर्षं एकच असायचं, पोरगी येणार हाये. कधी दिवाळीला, कधी उन्हाळ्यात. मास्तर भला माणूस, मान डोलवून पुढच्या घरी जायचे. आज मात्र कॅनडात शिकवणारी, पुस्तकं लिहिणारी ती पोरगी खरंच समोर उभी होती, आणि म्हातारीच्या चेहऱ्यावर पैज जिंकल्याचा आनंद मावत नव्हता.

 पण मागच्याच वर्षी धम्मदीपानं तिकडचं नागरिकत्व घेतलं होतं आणि आईला सांगितलं नव्हतं. फोनवर रोज ‘जेवली का’ विचारणाऱ्या बाईला हे कोणत्या शब्दांत सांगायचं, ते एवढ्या मोठ्या लेखिकेला सुचलं नव्हतं.

देशाशी तिचं भांडण जुनं. वाशीमला शिक्षिका असताना ती खोली बघायला गेली की घरमालक आधी आडनाव विचारायचा, आणि मग ती खोली नेमकी कालच गेलेली असायची. हे तिनं छापून आणलं, तर शाळेतल्या बायकांनी तिला डब्याला बोलावणं सोडलं. तिथून तिचं मन उडालं ते उडालंच. तिकडे बसून तिनं देशाला पुस्तकंच्या पुस्तकं बोल लावले. पण एखाद्या परक्यानं त्याच देशाला नाव ठेवलं की हिच्या अंगाची लाही व्हायची. सख्ख्या भावाला आपण रट्टा घालावा, शेजाऱ्यानं बोट लावू नये, तशातली गत.

मास्तर पेन उघडून थांबले होते. आता गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणंच होतं.

“माय,” ती म्हणाली, “मी तिकडची नागरिक झाली. मले इथं मत नाही देता येत आता. नाव काढा लागते.”

भागिरथाबाई खाटेवर बसली. मतदानाच्या दिवशी पांढरं लुगडं नेसून सकाळी सातला रांगेत पहिली उभी राहणारी बाई ती. बोटावरची शाई लवकर जाऊ नये म्हणून चार दिवस त्या हातानं भांडीही हलक्यानं घासायची.

“खोली नाही देल्ली त्याईनं तुले, खरं हाये,” ती म्हणाली. “पन मत का त्याईनं देल्लं होतं? ते त बाबासाहेबानं देल्लं.”

 हे धम्मदीपानं कोणत्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

मास्तरांनी नाव वगळण्याचा अर्ज काढला आणि आवाज खाली आणून विचारलं, “ताई, कारण ‘स्थलांतरित’ लिवू का? मावशीले तेवढंच बरं वाटन.” धम्मदीपाला मोह झाला. पण जन्मभर जिनं देशाला खरं बोल म्हणून छळलं, तिनं या एका ओळीत खोटं कसं लिहायचं? तिनं पेन मागून घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात कारण लिहिलं. ‘भारतीय’ लिहिताना डोळे भरून आले, तरी तिनं ओळ पुरी केली.

“आन इकडं,” भागिरथाबाईनं हात पुढे केला. “वाचू दे मले.”

म्हातारी ही धम्मदीपाची पहिली विद्यार्थिनी. चौथीत असताना लेकीनं तिला चुलीतल्या राखेवर अक्षरं शिकवली होती. तेव्हापासून औषधाची पुडी असो की एसटीची पाटी, शेवटचं अक्षर वाचल्याशिवाय ती हलायची नाही. आजही ती बोट फिरवत नावापासून सगळं वाचत गेली आणि लेकीनं लिहिलेल्या ओळीवर आली.

“भा-र-ती-य,” ती वाचू लागली. “ना-ग-रि-क.”

बोट तिथंच थांबलं.

“पुढं हाये ना, माय. एक शब्द राह्यला.”

“मले नाही दिसत,” भागिरथाबाई म्हणाली. “चस्मा नाही माह्यापाशी.”

अर्ज मास्तरांच्या हाती देऊन ती चहा ठेवायला आत गेली. चष्मा तिच्या नाकावरच होता.