पाच बंड्या

विज्ञानापुढे अनुभवाला मान झुकवावीच लागते, हे बबन नागपूरच्या शेतकी कॉलेजात शिकून आला होता. आज सकाळपासून मान त्याचीच झुकलेली होती, कारण शेठनं दिलेलं टेबल फार बुटकं होतं.

साल छप्पन्न. सिंदीच्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारात कापसानं भरलेल्या पाच बंड्या, म्हणजे बैलगाड्या, उभ्या होत्या. शेठचा हुकूम सरळ होता: बापलेकांनी पाचही पारखाव्या, ज्याचं चुकेल त्यानं उद्यापासून घरी बसावं. बबनपुढे काळ्या मखमलीची पाटी, भिंग आणि पोलादी पट्टी. त्याच्या बापापुढे, नत्थूजींपुढे, काही नव्हतं. त्यांचे दोन अंगठे होते, बावीस वर्षं याच कामाला जुंपलेले.

नत्थूजींनी सरकीवरून चिमूटभर धागा ओढला, अंगठ्यांत ताणला.

"पाच सूत."

बबननं पट्टी लावली. इंचाचे सूत आठ; धागा भरला पाच.

चार बंड्या झाल्या तरी बापलेकांत फरक पडेना. बबनला बरं वाटलं. मग आठवलं, इतकंच कळायला आपल्याला तीन वर्षं वसतिगृहाची आमटी प्यावी लागली.

पाचवी बंडी गिरडच्या गोमाजीची. बबननं वरचा नमुना मोजला. "सहा सूत. एक नंबर!"

नत्थूजींनी मात्र कापसात खांद्यापर्यंत हात घातला.

"काऊन जी, बंडीतच झोपता का?" गोमाजी म्हणाला.

"वर नवरी बसवली अन् खाली सासू दडवली काय रे?"

"नाई जी, एकाच वावरातला हाय!"

नत्थूजींनी तळातून मूठ काढली. पिवळट, राठ. बबननं मोजलं. चार.

"क्यों, बबनबाबू?" शेठनं विचारलं.

नमुन्यातल्या अशा चुकीला पुस्तकात एक भारदस्त नाव होतं. बबनला ते पाठही होतं. तो उठला. सकाळपासून पहिल्यांदा त्याची पाठ सरळ झाली.

"माझं चुकलं, शेठजी. बाबांचं बरोबर आहे."

हे तो इतक्या मोठ्यानं म्हणाला, की फाटकाबाहेरचे हमालही वळून पाहू लागले.

"पट्टी खोटी नाई त्याची," नत्थूजी शेठला म्हणाले. "हात आखूड पडला. चार बंड्या बरोबर सांगतल्या माया पोरानं, ध्यानात ठेवजा." आणि त्यांनी बबनच्या कोटावरचा कापूस एकेक करून वेचला.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे बबननं पट्टी-भिंग गुंडाळलं, आणि शेठनं पाचही बंड्यांचा कापूस, चांगला काय अन् राठ काय, एकाच ढिगावर ओतायला लावला. तिथं आधीपासून तसंच चालत होतं.