भिंतीखालची पाखाडी

मी पाखाडी आहे. डोंगराच्या उतारावर काळे दगड एकाखाली एक बसवून केलेली पायऱ्यांची वाट. पोलादपूरहून कापडे गाव मागे टाकून आंबेनळी घाटाकडे निघालात, की एका वळणावर आवडी नावाच्या बाईचं दुकान लागतं. त्या दुकानाच्या मागून मी वर चढते, ती थेट वरच्या वाडीपर्यंत. चढत होते, म्हणायला हवं.

मी रागीट आहे, हे आधीच सांगून ठेवते. फाटक्या छत्रीचं नि मोडक्या खुर्चीचं आत्मवृत्त तुम्ही शाळेत लिहिलं असेल. त्या बिचाऱ्या शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका.

मला कुणा कंत्राटदारानं बांधलं नाही. वाडीतल्या माणसांनी नदीतले दगड पाठीवरून आणले आणि मला घडवलं. पुढे घराघराला पायऱ्या वाटून दिल्या. शिमगा जवळ आला की ज्यानं त्यानं आपल्या वाटणीच्या पायऱ्यांवरचं गवत काढायचं, हललेला दगड नीट बसवायचा. आवडीच्या दुकानामागच्या सगळ्यात खालच्या पायऱ्या भैरूच्या वाटणीला होत्या. भैरू दगड बसवायचा तो असा, की वर पाण्याचा हंडा ठेवला तरी हिंदकळू नये.

आणि माझ्या मधोमध होता पालखीचा धोंडा. रुंद, सपाट, जात्यासारखा घोटलेला. शिमग्यात गावदेवी काळकाई आईची पालखी वरच्या वाडीतून दुकानाजवळच्या खालच्या आळीकडे निघाली, की वाटेत टेकायची ती फक्त या धोंड्यावर. एकदा टेकली, की वाडीतल्या आणि आळीतल्या सगळ्या बायकांनी ओटी भरल्याशिवाय उठायची नाही. हा नेम कुणी कुठे लिहिलेला नाही. त्याची गरजच कधी पडली नाही.

भैरूची बायको ठमाबाई रोज माझ्यावरून खाली दुकानात यायची. चहापत्ती आणायला, असं सांगायची. घरात चहापत्ती असली तरी तिची चहापत्ती संपायचीच, कारण आवडीशी दोन शब्द बोलल्याशिवाय तिला दिवस गोड लागत नसे. तिची टाच मी शंभर टाचांत ओळखीन. उजवा पाय जरा जोरात टाकते. त्यांचा मुलगा किशोर माझ्यावरच रांगला, माझ्यावरच पडला, त्याचे गुडघे माझ्यावरच फुटले. मग तो मुंबईला गेला आणि जमिनीच्या व्यवहारात पडला.

भैरू गेल्यावर किशोर परत आला. भावकीकडून उतार विकत घेतला, त्यावर रांगेनं बंगले उठवले आणि भोवती पुरुषभर उंच भिंत घातली. महाबळेश्वरला जाता-येता राहायला पुण्या-मुंबईची मंडळी घरं घेऊ लागली. आतले रस्ते असे गुळगुळीत, की गाडीतल्या माणसाच्या पोटातलं पाणी हलू नये. पायी चालायला मात्र वीतभर कडासुद्धा ठेवली नाही. दुकान आत नको, कटकट होते, असं तो गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचा. या सगळ्यापायी माझे तीन तुकडे झाले. वरचा भिंतीच्या पलीकडे राहिला, मधला यंत्रानं उखडून डांबराखाली घातला, खालचा आवडीच्या दुकानामागे भिंतीला नाक लावून उभा राहिला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं मी पाहिली होती, पण बापानं बसवलेल्या पायऱ्या भिंतीनं अडवणारा हा पहिलाच.

पालखीचा धोंडा त्यानं फेकला नाही. फेकला असता तर बरं झालं असतं. मोठ्या फाटकाच्या मधोमध तो जमिनीत बसवला आणि फाटकाचा खालचा अडसर उतरावा म्हणून त्याला यंत्रानं भोक पाडलं. ते भोक पाडताना काय दुखलं, ते मी विसरलेली नाही.

ठमाबाईला त्यानं बंगल्यात आणलं. गच्चीवरून आवडीच्या दुकानाचे पत्रे दिसायचे, भज्यांचा वाससुद्धा यायचा. पण तिथं पोचायचं तर दुकानाच्या उलट्या अंगाला असलेल्या त्या एकुलत्या मोठ्या फाटकातून बाहेर पडून अख्ख्या डोंगराच्या सोंडेला फेरी घालायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यातून तो रस्ता घाटाचा. एका अंगाला गटार, दुसऱ्या अंगाला लोखंडी कठडा आणि मधून ब्रेक दाबत उतरणाऱ्या गाड्या. माणसानं पाय कुठे ठेवावा, याचा विचार रस्ता करणाऱ्यानं केलेलाच नाही.

तरी ती एकदा गेली. एका टेम्पोची बाजू घासली, ती गटारात पडली आणि मनगट मोडलं. किशोरनं तिला दवाखान्यात नेलं, सगळं केलं, ते नाकारत नाही. पण घरी आल्यावर म्हणाला, काय हवं ते ड्रायव्हरला सांग, तो गाडी काढेल.

"मिठाच्या पुडीला गाडी?" ठमाबाई म्हणाली. "नि आवडीशी बोलायला? तो ड्रायव्हर बोलंल का माझ्या वतीनं?"

मग ती भिंतीशी जाऊन बसू लागली. अलीकडे ती, पलीकडे माझ्या पायऱ्यांवर आवडी. तोंड दिसायचं नाही, पण बोलणं व्हायचं. कधी आवडी भिंतीवरून चहापत्तीची पुडी टाकायची आणि ठमाबाई ती पदरात झेलायची. बंगल्यातल्या कुणाला ते गावंढळ वाटलं, तक्रार झाली. किशोरनं भिंतीवर सिमेंटात काचांचे तुकडे रोवून घेतले. काच कापेल म्हणून आवडीनं पुडी टाकणं सोडलं. हळूहळू ठमाबाई भिंतीशी यायचीही बंद झाली. खोलीत बसायची, ताट तसंच सरकवायची. चार भिंतींत माणूस कसं सुकतं ते मी डांबराखालून ऐकत होते, आणि त्याच दिवसांत ठरवलं, की या पोराला एकदा त्याच्या आईच्या वाटेनं चालवायचंच.

शिमगा आला. या वर्षी पालखी आपल्या बंगल्यावर यावी, बंगलेवाल्यांनी बघावी, अशी किशोरची फार हौस. त्यानं फुलांनी मढवलेला टेम्पो वरच्या वाडीकडे धाडला. पालखीचा मानकरी म्हातारा चांगू. त्यानं टेम्पो तसाच परत पाठवला आणि ढोल-सनईच्या खालूबाजाच्या गजरात पालखी खांद्यावर घेऊन माणसं माझ्या वरच्या तुकड्यावरून उतरू लागली. अनवाणी पावलं, गुलाल, किती दिवसांनी माझ्या अंगात जीव आला. आणि भिंतीशी येऊन सगळे थांबले.

किशोर धावत आला. त्यानंही बूट काढले आणि पालखीला खांदा दिला. फाटकातून चला, असं तो परोपरीनं विनवू लागला.

"ते बघू," चांगू म्हणाला. "आधी सांग, आयचा धोंडा कुठं हाय?"

"फाटकातच आहे, चांगूबाबा. चांगला मजबूत दगड होता, वाया कशाला घालवायचा?"

बाजा थांबला. चांगूनं नुसती मान हलवली.

"मग आय तितंच बसल."

आणि काळकाई बसली. बंगल्यांच्या एकुलत्या एका फाटकात, बरोबर मधोमध, माझ्या धोंड्यावर. आतल्या गाड्या आत, बाहेरच्या बाहेर. वाडीच्या बायकांनी ओट्या भरल्या. ऊन चढलं. महाबळेश्वरला निघालेली मंडळी गाड्यांत बसून घामाघूम झाली. कुणाचं दूध संपलं होतं, कुणाला औषध हवं होतं, आणि गाडीशिवाय दुकानाला जायची वाट एकालाही ठाऊक नव्हती. मला हसू आवरत नव्हतं. सगळे किशोरला बोलू लागले, तेव्हा त्यानं चांगूपुढे हात जोडले.

"खालच्या आळीच्या बायकांची ओटी ऱ्हायली," चांगू शांतपणे म्हणाला. "त्या भरून गेल्या का उठल. तिला उठवणारा मी कोण?"

आळीच्या बायका आवडीच्या दुकानासमोर नारळ घेऊन केव्हाच्या बसून होत्या. पण त्या येईनात. आणि शिमग्याचं बोलावणं फोनवर होत नाही. ज्याच्या दारी पालखी बसते, त्यानं हातात नारळ घेऊन, पायात काही न घालता स्वतः जायचं असतं. किशोर निघाला.

रस्त्यावर काय झालं ते मी पाहिलं नाही. पण त्यानं माझ्या खालच्या पायरीवर पाऊल टेकवलं आणि त्या पावलानं मला सगळं सांगितलं. तळवे भर उन्हाच्या डांबरानं पोळून लाल झाले होते. घोट्यापर्यंत गटाराचा चिखल होता, म्हणजे कुठल्यातरी ट्रकच्या हॉर्ननं त्यालाही आत उडी मारायला लावली होती. मला दया आली नाही. बरं वाटलं.

त्यानं नारळ पुढे करून बोलावणं केलं. आवडीनं ते घेतलं, पण जागची उठली नाही.

"तू आलास त्या वाटनं आम्ही यावं, किशोर? लेकरं कडंवर घेऊन? तुझ्या आयचा हात मोडला त्या वाटनं?"

किशोरनं आलेल्या रस्त्याकडे पाहिलं. वळणावरून एक लक्झरी बस कठड्याला घासत खाली येत होती. परत त्या रस्त्यानं पाऊल टाकायची त्याची हिंमत होईना. तो वळला आणि समोर त्याचीच भिंत होती, त्याच्याच काचा उन्हात चमकत होत्या. पलीकडे पालखी, ढोल, आई, सगळं हाकेच्या अंतरावर.

मग भिंतीपलीकडच्या माणसांना ओरडून म्हणाला, "पहार आणा. फोडा ही."

पहारीचा पहिला घाव बसला तेव्हा काचा माझ्यावर पडल्या, माझ्या अंगावर ओरखडे उठले. उठू देत. माणूस जाईल एवढं खिंडार पडलं आणि पलीकडून पहिली आली ती ठमाबाई. हातात कापडी पिशवी. उजवा पाय जरा जोरात. पायऱ्यांवर बसलेल्या लेकाजवळ ती थांबली आणि त्याचे तळवे पाहिले.

"भाजलं का रे?"

किशोरनं मान डोलावली.

"माजाबी हात लय दुखला व्हता," ती म्हणाली, आणि त्याला ओलांडून दुकानाकडे गेली. "आवडे, चहापत्ती दे गो."

आळीच्या बायकांनी त्याच खिंडारातून जाऊन ओट्या भरल्या, तेव्हा कुठे पालखी उठली. आता खिंडार तसंच आहे. तिथं दार बसवायचं नाव किशोर काढत नाही. धोंडाही फाटकातच राहिला, कारण सगळ्या गावादेखत देवी जिथं बसली त्या दगडावरून चाक न्यायला कुणी धजत नाही. गाड्या बाहेर रस्त्याकडेला उभ्या राहतात आणि बंगलेवाले पिशव्या उचलून, कुरकुरत चालत आत जातात. ठमाबाई रोज खाली येते आणि तिची चहापत्ती रोज संपते.

किशोरही आता पायीच दुकानात येतो. भैरूच्या वाटणीतली एक पायरी पहारीच्या घावांनी हलली आहे. ठमाबाई तिच्यावर पाय देऊन जाते, आवडीची नातवंडं तिच्यावरून उड्या मारत जातात. किशोरचा पाय तिच्यावर पडला की ती डुगडुगते आणि तो धडपडतो. बाकीच्यांना मी सावरून धरते, त्याला धरत नाही. त्याच्या बापानं ती अशी एक दिवसही राहू दिली नसती. पुढच्या शिमग्याआधी किशोरनं खाली बसून, स्वतःच्या हातानं, दगडाखाली माती सारून ती बसवली, तर मी बसेन. मजूर लावून बसवली, तर पुन्हा हलेन.