पाड्याकडे जाणारा रस्ता

"वहिनी, पॅरा पाच परत एकदा वाचून घ्या. बाकीचं विसरलात तरी चालेल," मोहितेकाका म्हणाले आणि त्यांनी कागद निशिगंधाच्या हातात कोंबला.

ठाण्याच्या कोर्टाचा व्हरांडा माणसांनी गच्च भरलेला. बाकावर जागा नव्हती, म्हणून ती खांबाला टेकून उभी होती. पॅरा पाच तिला पाठ होता. आठवड्यापूर्वी तिनेच त्यावर सही केली होती. 'मी सदर इमारतीत पहिल्या मजल्यावर राहते. माझ्या गॅलरीतून संस्थेचा अंतर्गत रस्ता संपूर्ण दिसतो. सन २००४ पूर्वी सदर रस्त्यावरून संस्थेच्या सभासदांखेरीज कोणीही ये-जा करीत नव्हते.'

शुभसंकेत सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे दशरथ मोहिते. बँकेतून निवृत्त झालेले, अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडात सतत केसचा नंबर. भाईंदर पश्चिमेला त्यांच्या दोन इमारतींच्या मधून एक रस्ता मागच्या खारीपाड्याकडे जायचा. सोसायटी म्हणायची, रस्ता आमचा, बिल्डरच्या नकाशात आमच्या आवारात आहे, महापालिकेने तो कधी ताब्यात घेतलेला नाही. पाडा म्हणायचा, इमारती कालच्या, मिठागरातल्या बैलगाड्या इथूनच जायच्या, रस्ता सगळ्यांचा. सोसायटीला गेट बसवून कुलूप लावायचं होतं. मग पाड्याला उरली असती फक्त नाल्याकडेची लांबची वाट. तीन वर्षं दावा चालला होता. आता प्रश्न एवढाच उरला होता, की पाड्यातली माणसं आधीपासून तिथून जात होती की नव्हती.

"मीच का हो काका?" तिने सही करताना विचारलं होतं.

"अहो, सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे, तुमच्या नजरेतून चिमणी सुटत नाही! निहार खाली गेला की तुम्ही गॅलरीत. कुरियरवाला कधी आला, कोणाची गाडी कोणाच्या जागेत लागली, सगळं तुम्हाला माहीत. ग्रॅज्युएट बाई, तीही आई. जज ऐकतात अशा बाईचं."

खोटं नव्हतं ते. निशिगंधा पहारा द्यायचीच. मागच्या दिवाळीत पाड्याकडे निघालेल्या टेम्पोच्या आरशाने निहारची टोपी उडवली होती. टोपीच फक्त. पण त्या दिवसापासून तिला झोपेत हॉर्न ऐकू यायचे. गेट लागलं की पोर मोकळं खेळेल, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. सही करताना ती अडली तेव्हा तिचा नवरा स्वप्नील म्हणाला होता, "अगं, कोण बघायला बसलंय चार वर्षांपूर्वीचं? आणि सगळेच तेच लिहितायत."

पुकारा झाला. ती आत गेली, पिंजऱ्यात उभी राहिली, ईश्वरसाक्ष खरं सांगेन म्हणाली. मग तिने समोर पाहिलं.

शेवटच्या बाकावर पाड्यातले चौघे बसले होते. तीन पुरुष, आणि कडेला डोक्यावर पदर घेतलेली वासंतीमावशी.

निशिगंधाने पटकन नजर दुसरीकडे वळवली.

निहार झाला तेव्हा तिची आई सावंतवाडीला पाय मोडून पडली होती. सासूबाई परळच्या चाळीतून हलायला तयार नव्हत्या. मग कोणीतरी खारीपाड्यातल्या राघोच्या बायकोचं नाव सुचवलं. बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावायला, शेकायला, न्हाऊ घालायला येते, हात चांगला आहे. रोज सकाळी साडेसातला वासंतीमावशी त्याच रस्त्याने यायची. हातात तेलाची वाटी, खांद्यावर जुनं मऊ लुगडं. गॅलरीतून ती वळणावर दिसली की निशिगंधाला हायसं वाटायचं. तीन महिने. एकही दिवस चुकला नव्हता.

आणि त्यातला एक दिवस असा होता, जो स्वप्नीललासुद्धा माहीत नव्हता.

पाड्याच्या वकील उठल्या. मृणालिनीताई, वय असेल तिशीचं, आवाज शांत.

"साटमबाई, तुमच्या गॅलरीतून रस्ता पूर्ण दिसतो?"

"हो."

"आणि तुम्ही बऱ्याचदा गॅलरीत असता."

"हो. मुलगा लहान आहे."

"मुलाचा जन्म?"

"फेब्रुवारी दोन हजार तीन."

"म्हणजे दोन हजार चारच्या आधी. बाळंतपण माहेरी झालं?"

"नाही. इथेच."

"आई आली होती मदतीला?"

"आई आजारी होती." बाकावर मोहितेकाका मान हलवत बसले होते, सगळं ठीक चाललंय अशी. त्यांच्या शेजारी अर्धी रजा टाकून आलेला स्वप्नील.

"मग बाळाला अंघोळ घालायला, मालिश करायला..."

निशिगंधाने पिंजऱ्याची कड घट्ट धरली. आता विचारतील, कोण येत होतं. कुठून येत होतं. रोज किती वेळ थांबत होतं. आणि मग कधीतरी विचारतील, अर्ध्या तासाचं काम, मग नऊ दिवस ती बाई दुपारपर्यंत का बसून राहायची?

मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. वासंतीमावशी उठून थेट पुढे आली होती. तिने वकिलांच्या काळ्या गाऊनची बाही धरली आणि कानाशी काहीतरी पुटपुटली.

"काय चाललंय? बाई, जागेवर बसा," न्यायाधीश म्हणाले.

मृणालिनीताईंनी मावशीकडे पाहिलं. मावशीने मान हलवली, एकदाच. वकिलांचा चेहरा लाल झाला.

"प्रश्न मागे घेते, साहेब." मग रुक्ष आवाजात, उरकल्यासारखं, त्या म्हणाल्या, "पाड्यातले लोक पूर्वापार त्या रस्त्याने जातात आणि हे माहीत असूनही तुम्ही सोसायटीसाठी खोटी साक्ष देताय, असं माझं म्हणणं आहे."

या क्षणी निशिगंधाला कोणी अडवलं नव्हतं. पुढचा प्रश्न येणार नव्हता, भीती संपली होती. खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. ती मावशीकडे बघू शकली नाही. टाइपिस्टच्या बोटांकडे बघत ती म्हणाली, "खरं नाही ते."

न्यायाधीशांनी मजकूर सांगितला, यंत्र खडखडलं. "हे म्हणणे खरे नाही की, खारीपाडा येथील रहिवासी सदर रस्त्याचा पूर्वापार वापर करीत आहेत. हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे." तिने प्रत्येक पानाखाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

बाहेर मोहितेकाकांनी तिला जवळजवळ सलामच ठोकला. "वहिनी, सिक्सर! त्यांची विकेटच गेली ना. बघितलं, म्हातारीने स्वतःच तोंड बंद केलं वकिलाचं. घाबरली!" मग त्यांना आपल्या वकिलांबरोबर कागदांसाठी थांबायचं होतं. स्वप्नील ऑफिसला पळाला. निहारला वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे, क्षितिजाकडे, ठेवलं होतं, त्यामुळे निशिगंधा एकटीच बस स्टॉपवर आली.

तिथे वासंतीमावशी उभी होती. तीही एकटी. पाड्यातले पुरुष वकिलांच्या ऑफिसात गेले होते.

मागे फिरावं असं वाटलं, पण मावशीने पाहिलं होतं. बस आली. एकच रिकामी सीट होती, दोघींची. मावशी खिडकीशी सरकली आणि जागेवर हात थोपटून म्हणाली, "बसा. उभ्यानं चक्कर येल तुमाला, सकालपास्नं कायतरी खाल्लाय का?"

बस घोडबंदरला आली. शेवटी निशिगंधाच म्हणाली, "मावशी, तुम्ही त्यांना का थांबवलंत?"

"बालंतिनीच्या खोलीतला बायेर न्यायाचा नसतो. माजी सासू हेच काम करायची. तिनं पयल्या दिवशी सांगितलेला."

"पण त्या नुसतं विचारत होत्या, मालिशला कोण यायचं. तेवढं तर..." तेवढं तर सांगता आलं असतं, हे ती कोणत्या तोंडाने म्हणणार होती?

"तेवढ्यावर वकील थांबतो का, ताई? तुमच्यामागून मना उभी केली असती. किती दिस गेलीस, किती वेल बसलीस, कशापायी बसलीस. तुमचा वकील पन विचारनार, माजा पन विचारनार. देवाची शपथ घेऊन मना खोटा बोलता येत न्हाय." मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "म्हनून मी बोलली, विचारूच नको."

निशिगंधाने पुढच्या सीटचा दांडा धरला.

निहार झाल्यानंतरचा सतरावा दिवस होता तो. रात्रभर निहार रडत होता. सकाळी स्वप्नील गेल्यावर दार नुसतंच लोटून तिने बाळाला गॅलरीच्या फरशीवर ठेवलं, कठड्याच्या उघड्या गजांपाशी, आणि बाथरूममध्ये जाऊन आतून कडी घातली. स्वतःच्या हातांचीच तिला भीती वाटत होती. किती वेळ गेला, कळलं नाही. मग बाहेरून आवाज आला होता, अगदी साधा, भाजीचा भाव विचारावा तसा. "ताई, पोर माज्याजवल हाय. मी हाय. तुमी सावकाश या." त्यानंतर नऊ दिवस मावशी दुपारपर्यंत बसायची. जास्तीचं काही मागितलं नाही. शेजारीपाजारी कधी एक शब्द गेला नाही.

"वकीलबाई लई चिडल्या," मावशी आता हसली, थोडीशी. "बोलल्या, तुमचा सगल्यात मोठा पुरावा तुमीच बुडवलात, आजी. मी बोलली, जावंदे. माजे गुडघे काय नाल्याच्या वाटंनं मोडनार न्हाईत लगेच."

"मावशी, निहार लहान आहे, टेम्पो येतात... म्हणून मी..."

"मना ठावं हाय." मग अगदी सहज, "पोराच्या पायाचा वाकडेपना गेला ना? डावा पाय जरा आत होता. मी लई चोलायची त्याला."

"गेला," निशिगंधा म्हणाली. "सरळ आहे आता. पळतो."

"पलनारच. चांगला हाडाचा होता."

भाईंदरला उतरल्यावर दोघी बरोबरच चालू लागल्या, कारण वाट एकच होती. बाजार मागे पडला, पिठाची गिरणी मागे पडली. शुभसंकेतच्या कोपऱ्यावर निशिगंधा सवयीने आत वळली. दोन पावलांवर तिच्या लक्षात आलं, शेजारी कोणी नाही.

मावशी कोपऱ्यावरच थांबली होती.

"चला ना," निशिगंधा म्हणाली. "गेट अजून उघडंच आहे. निकाल कुठे लागलाय?"

"हाय की उघडा. पन तुमी शपथेवर सांगितला, हितनं आमचा कोन जात न्हाय." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर निशिगंधाला बरं वाटलं असतं. "तुमच्यासंगती मी गेली, कोनी बघितला, तर उद्या तुमाला परत उभी करतील. नको. मी जाते नाल्यावरनं."

"मावशी, मैलभर आहे ते. आणि चिखल..."

"पोर वाट बघत असल. जावा तुमी."

तिने पदर खोचला. नाल्याच्या कडेने महापालिकेचे मोठे पाइप आडवे टाकले होते, त्यांच्यावरूनच ती वाट जायची. मावशीने चपला काढून हातात घेतल्या, पहिल्या पाइपावर एक हात टेकला, गुडघा वर उचलला. गुडघा चढेना. तिने खाली घेतला, दम घेतला, पुन्हा उचलला. निशिगंधा पुढे झाली नाही. पुढे होऊन ती कुठल्या हाताने आधार देणार होती?

मावशी चढली, पलीकडे उतरली आणि पाइपांच्या मागे दिसेनाशी झाली.

"हो गया मॅडम, कोर्ट का काम?" वॉचमनने खुर्चीतून उठत विचारलं.

"हो गया," निशिगंधा म्हणाली आणि त्याने मोकळ्या ठेवलेल्या रस्त्यावरून घरी गेली.