चौदा सोडून नऊ

अहो, लक्ष देऊन ऐका. पुन्हा पुन्हा सांगणार नाही.

(सांगेन. तुम्हाला एकदा सांगून कधी कळलंय?)

कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलात की नेहमीचीच चौदा नंबरची बस. तिथपर्यंत काही बदललेलं नाही. बदललंय ते घर. तुम्ही वारलात त्यानंतर चौथ्या महिन्यात मी ते सोडलं. एकटीला तीन खोल्या खायला उठायच्या.

तुम्हाला सांगायचं राहून गेलं. कोणाला सुचतं असलं?

*

जुन्या घरात आता राहते त्या मुलीचा फोन आला, तेव्हा कळलं.

"काकू, राग मानू नका, पण रोज सव्वासहाला दारात किल्लीचा आवाज येतो. उघडलं तर कोणी नाही. आम्हाला वाटलं, तुम्हीच सवयीनं येता आणि लाजून परत जाता."

"मी एकदाही आले नाही गं."

"मग कोण? कुलूप बदलून झालं. आधी किल्ली अडकते, मग काढून, उलटी करून, पुन्हा. माझी पोरगी संध्याकाळी बाहेरच्या खोलीत पाऊल टाकत नाही."

आधी उलटी, मग सुलटी. एकतीस वर्षं. दिवसभर लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासायच्या आणि स्वतःला चष्मा लावायचा नाही.

मी काजं करायला आणलेले सदरे तसेच टाकले आणि चपला घातल्या.

*

पाच दहा. फाटक. चौदा नंबर. खिडकीची जागा तुम्हाला, पिशवी माझ्या मांडीवर.

आता जुना थांबा येईल. उठायचं नाही. बसून राहायचं. बसा म्हणते ना!

गेला.

अजून दोन थांबे. पाण्याची टाकी दिसली की उतरायचं, आणि तिथून नऊ—

"अय्या, वहिनी! बऱ्या भेटलात!"

नव्या घराच्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई. चार पिशव्यांसकट धप्पकन तुमच्या जागेवर.

"कोणाशी पुटपुटत होतात?"

"गाणं म्हणत होते."

"म्हणा की मग! आम्हीही ऐकतो."

टाकीपाशी उतरले, तोंड मिटून. नऊ नंबरमध्ये चढले, तोंड मिटून. त्या बोलत होत्या, मी हं हं करत होते.

*

त्या दळणाला वळल्यावर मी पुन्हा सुरू केलं. हे इस्त्रीचं दुकान. कपडे वेळेवर मिळत नाहीत, पण मालक खोटं इतकं गोड बोलतो की भांडता येत नाही. इथे डावीकडे. हा कुत्रा भुंकतो, चावत नाही. तिसरा मजला. कठड्याला हात लावू नका, रंग ओला आहे.

दार मी उघडंच ठेवलं. किल्लीची भानगड नको.

सव्वासहा.

साडेसहा.

फोन. "काकू, आज आवाजच आला नाही! काय केलंत हो?" मागे पोरगी खिदळत होती.

इथेही कसली चाहूल नव्हती.

तिथे गेला नाहीत. इथे पोचला नाहीत.

तुम्हाला कुठे टाकून आले, ते मला नीट माहीत होतं.

*

टाकीचा थांबा. रांगेत आठ-दहा माणसं. मी मधोमध उभी राहिले. लाज गेली चुलीत.

"अहो! नऊ नंबर! चौदात परत चढू नका! पाच थांबे, मग इस्त्रीचं दुकान, मग डावीकडे!"

सगळे वळले. बाकावरचे एक म्हातारबाबा म्हणाले, "बाई, कोणाला सांगताय?"

"मिस्टरांना. ते गेले, मग मी घर बदललं. नवीन घर त्यांनी पाहिलेलं नाही."

बाबांनी माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. हसले नाहीत.

"मग चुकीचं सांगताय. सहानंतर नऊ नंबर इथे थांबत नाही. पलीकडून सुटते."

म्हणजे तासाभरापासून तुम्ही इथे, न येणाऱ्या गाडीची वाट बघत. तुम्हाला कोणाला विचारायचीही सोय नाही. आणि मी तिकडे घड्याळाकडे बघत बसलेली.

"ती बघा, लागली," बाबा म्हणाले. "जा लवकर. दोघंही."

रस्ता रुंद होता, गाड्या सुसाट. मी उजवा हात बाजूला धरला, बोटं जरा उघडी ठेवून, आणि उतरले रस्त्यात. तुमच्या चालीनं. सावकाश.