उलटी मुंगी

वेत्तियाबाईंच्या अंगठीत अकीकाचा तांबडा खडा होता आणि त्यावर तोंडात गव्हाचा दाणा धरलेली मुंगी कोरली होती. जपून वापरा, साठवून ठेवा, हा तिचा अर्थ रोमनांच्या अक्विलेया नगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. हिलाराला मात्र ती मुंगी डोळ्यांसमोर नको झाली होती. कोठीतल्या प्रत्येक बुधल्याच्या तोंडावर सासूबाई मेण थापत आणि वर अंगठी दाबत. पळीभर तेल हवं असलं तरी आधी सासूबाई शोधायच्या, आणि त्या तर दुपारभर गावच्या सार्वजनिक स्नानगृहात गप्पा मारत बसलेल्या.

हिलाराची धाकटी लेक तितिया आठवडाभर खोकत होती. मध कोठीत होता, मुंगीच्या पहाऱ्यात.

शेवटी हिलाराने मोहर उमटलेला मेणाचा एक तुकडा उचलला आणि नदीकाठी अंगठ्यांचे खडे कोरणाऱ्या फिलोकडे गेली.

"हुबेहूब अशीच कोरून दे. अन् तोंड बंद ठेव."

फिलोने हुबेहूब कोरली. दुसऱ्या दिवशी हिलाराने मधाची मोहर फोडली, लेकीला मध चाटवला, ताजं मेण लावून नवी अंगठी दाबली आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

संध्याकाळी कोठीतून हाक आली. "सूनबाई!"

वेत्तियाबाई बुधल्यापाशी दिवा धरून उभ्या होत्या. "माझी मुंगी उजवीकडे जाते. दाणा घेऊन घरात येते. ही बघ, डावीकडे चालली! दाणा घेऊन घराबाहेर!"

हिलाराने कपाळावर हात मारला. खड्यावर चित्र उलटं कोरावं लागतं, तेव्हा कुठे ते मेणात सुलटं उमटतं. त्या शहाण्याने मेणातलं जसंच्या तसं खड्यावर उतरवलं होतं.

"पोर खोकत होती, आई."

"मग मला सांगायचं!"

"कुठे सांगू? पाण्यात बुडी मारून?"

"ऐकलंस, वरुस? तुझी बायको चोर निघाली!"

"नातीला मध दिला तर चोर?"

गोदीवरून दमून आलेला वरुस दारात बूट सोडत होता. बायको अन् आई दोघींचं ऐकून त्याचं डोकं भणाणलं. "पुरे! आजपासून प्रत्येक बुधल्यावर दोन्ही मुंग्या लागतील. समोरासमोर. मोहर फोडायची तर दोघींनी मिळून. आणि मला आता जेवायला वाढा!"

"म्हणजे आताही मला यांचीच वाट बघायची?" हिलारा पुटपुटली. मेण मात्र तिनेच आणलं.

जेवणं झाली. वेत्तियाबाईंना झोपायच्या आधी वाटीभर गोड दारू लागे. त्या कोठीच्या दारात उभ्या राहिल्या, अंगठीशी चाळा करत.

"हिलारा! अगं ए, येतेस ना?"

हिलारा तितियाला थोपटत होती. पोरीचा खोकला जरा उतरला होता.

"आले हं, आई," ती म्हणाली, आणि थोपटतच राहिली.